नंतर आठवण करा

उजव्या कोपऱ्यात, खाली, रोज दहाच्या ठोक्याला
ती खिडकी उगवते.
नवीन आवृत्ती तयार आहे.
आत्ता. आज रात्री. नंतर आठवण करा.
मी ‘नंतर’वर बोट ठेवते
आणि शिरोळच्या मगदुमांची पत्रिका पुढं ओढते.

वैशाख आहे.
गंगावेशीतल्या या दहा बाय बाराच्या खोलीत
एकवीस लग्नं, दोन वास्तुशांती, एक जावळ
आणि कुस्तीच्या मैदानाचा भलाथोरला फ्लेक्स
माझ्या एकाच मशीनच्या दारात
रांग लावून उभे आहेत.

प्रज्वल, आमचा नवा पोरगा, म्हणतो,
‘ताई, मी पहिल्याच दिवशी टाकलं. नाद खुळा चालतंय.’
त्याचं काय जातंय?
दोन गेम आणि कुणाचेतरी लपवलेले फोटो.
माझ्याकडे दोनशे चौदा फॉन्ट आहेत,
निम्मे बनवणारी कंपनी आता जगात नाही,
आणि एक हिरवा डोंगल,
जो मी पावसाळ्यात फडक्यात गुंडाळून ठेवते.

मागच्या अपडेटनं ज्ञ खाल्ला होता.
फक्त ज्ञ. बाकी सगळं जागच्या जागी.
पोर्ल्याच्या ज्ञानू चौगुल्यांच्या नातवाचं बारसं,
तीनशे कार्डं,
आणि निमंत्रक म्हणून
एक रिकामा चौकोन, त्याला काना, पुढं नू.
म्हातारा रागावला नाही.
कार्ड उलटसुलट करून म्हणाला,
‘माझं डोस्कं कुठं गेलं, पोरी?’

शेजारच्या घोडक्यांनी गल्लीत पहिला कॉम्प्युटर आणला
तेव्हा लोक चपला बाहेर काढून बघायला यायचे.
त्याला कुऱ्हाडीतला अर्धा र यायचा नाही.
सोसायटीच्या निवडणुकीत
उमेदवाराच्या चिन्हाचे दोन तुकडे पडले,
कु एकीकडं, हाड एकीकडं.
तो पडला. घोडके हप्ते फेडत बसले.
आमचे अण्णा मात्र खिळे जुळवत राहिले,
आणखी सात वर्षं.
गल्ली म्हणाली, अण्णा शहाणा, थांबला.
मग एका दुपारी सगळे खिळे उद्यमनगरात किलोवर गेले.
क, ख, ग, एकाच पोत्यात.
काट्यावर अनुस्वारालाही तोच भाव.

काल मी विचारलं, ‘कसं ठरवलंत, थांबायचं?’
अण्णांनी चहा बशीत ओतला. फुंकर घातली.
‘ठरवलं कुठं गं. भ्यालो हुतो.
घोडके बुडाला, म्हणून मी शाना.
त्यो तरला असता तर मी येडा.
मी आपला हाय तिथंच हुतो.’

मग बराच वेळ काही नाही.
पंचगंगेच्या घाटावरची पोरं आठवली.
पहिल्यानं उडी घेतलेल्याला
वरून सगळे ओरडून विचारायचे,
‘दगड कुठं हाय रं?’
आणि तो नाकातलं पाणी शिंकरत
हात करून दाखवायचा.
मी नेहमी पायऱ्यांवर. फ्रॉक कोरडा.

आज सोमवार. शटर अर्धं खाली.
माळ्यावरचं जुनं मशीन उतरवलं, त्याच्यावर करून बघावं म्हणून.
ते म्हणालं, या संगणकाला ही आवृत्ती पेलणार नाही.
बरं बाबा.
सगळ्या फाइली दोन डिस्कवर उतरवल्या,
एक इथं, एक कळंब्याला नणंदेच्या कपाटात.
मगदुमांना फोन केला, पत्रिका बुधवारी.
‘मंगळवारी म्हणाला होता.’
म्हणालो होतो.

‘आज रात्री’वर बोट ठेवलं,
आणि मग रात्रीपर्यंत धीर निघेना,
म्हणून ‘आत्ता’.

एकतीस टक्के. यंत्र बंद करू नका.
अण्णांनी जाताना टेबलावर काहीतरी ठेवलंय,
पोत्यात न गेलेला एक खिळा.
अर्धा र. उलटा कोरलेला,
थंड, नखाएवढा.
तो मी कीबोर्डच्या कडेला उभा केलाय.

मशीन उठलं, की पहिला शब्द
मी ‘तऱ्हा’ लिहिणार आहे.
त्याआधी कुणी काही विचारू नका.